दम रिक्षातही करता येतो

मोऱ्याहून एका भगिनीने विचारले आहे की, विंचू चावल्यावर दुखणे थांबले म्हणजे विष उतरले असे समजावे की नाही. त्यांच्या मुलाला संध्याकाळी अंगणात लाकडे उचलताना विंचू चावला. घरातल्या मोठ्यांनी दम करून आणला. अर्ध्या-पाऊण तासात मुलाचे रडणे थांबले, घरात सर्वांनी अलहम्दुलिल्लाह म्हटले. पण शेजारची एक बाई हटूनच बसली की, मुलाचे हात गार पडले आहेत, त्याला घाम सुटला आहे, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. शेवटी नेले. मुलगा बरा आहे. आता घरात वाद असा की, दुखणे तर आधीच थांबले होते, मग दवाखान्याची गरज काय होती?

गरज होती. ती शेजारीण बरोबर होती, आणि का बरोबर होती ते नीट समजावे म्हणून या महिन्याचे सदर आम्ही शरीरातील चेतासंस्थेसाठी ठेवले आहे. भातकापणीचे दिवस तोंडावर आहेत. पेंढा, लाकूडफाटा, कौलांची रास, जुनी जाळी, जिथे जिथे हात घालावा लागतो तिथे तिथे विंचू असू शकतो. तेव्हा विषय वेळेवर आला आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी माध्यमाची मुले चेतासंस्था म्हणतात, उर्दू माध्यमाची असबी निजाम म्हणतात, आणि घरात आपण सगळे 'नस' म्हणून मोकळे होतो. नस आखडली, नस दबली, डॉक्टरांना नस सापडत नाही. या तिन्ही वाक्यांत नस एकच नाही. सुई टोचायला सापडत नाही ती रक्ताची नळी, म्हणजे उर्दूतली रग. दबली की पायात मुंग्या येतात ती असब, म्हणजे मज्जातंतू. असबचे अनेकवचन आसाब. रगेतून रक्त वाहते, आसाबमधून निरोप धावतात. विंचवाचे विष रक्तातून पसरते, पण घाव घालते आसाबवर. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सोपे जाईल.

या संस्थेचे मुख्यालय मेंदू. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन साधारण 1,300 ते 1,400 ग्रॅम, आणि त्यात सुमारे 8,600 कोटी चेतापेशी. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा मेरुरज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे 45 सेंटिमीटर लांब. मेंदूपासून मज्जातंतूंच्या 12 जोड्या निघतात आणि मेरुरज्जूपासून 31. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून' लिहिले तेव्हा युनानी हकीम जालीनूस यांच्या परंपरेप्रमाणे मेंदूपासून निघणाऱ्या 7 जोड्या मोजल्या होत्या. त्या काळात हाताशी असलेल्या साधनांनी तेवढ्या वेगळ्या काढणे हीच मोठी गोष्ट होती. त्याच ग्रंथाच्या चौथ्या खंडात विषांवर स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात उपचार आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या काही घरांत अजूनही विंचू म्हटले की फक्त झाडफूंक आठवते. आपल्या हकिमांना औषध आठवत होते.

मज्जातंतू म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांची जुडी. एकेक धागा एकाच पेशीचा. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा धागा जवळजवळ एक मीटर लांब, आणि तरी एका पेशीचा! काही धाग्यांवर मेदाचे आवरण असते, त्यातून निरोप वेगाने जातो. सर्वांत जाड धाग्यांत हा वेग सेकंदाला 100 मीटरच्या आसपास पोहोचतो. काही धागे बारीक आणि उघडे असतात, त्यांत निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतो, म्हणजे आपल्या पायी चालण्याइतका. अंगठा उंबऱ्याला आपटतो तेव्हा आपटल्याचे लगेच कळते आणि खरी कळ क्षणभराने येते, त्याचे कारण हेच. दोन निरोप दोन वेगळ्या वाटांनी आले.

तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, 'आई गं' नंतर निघते. तो निर्णय मेंदूने घेतलेलाच नसतो. निरोप मेरुरज्जूपर्यंत गेला, तिथूनच स्नायूंना हुकूम सुटला. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मेंदूला बातमी नंतर मिळते.

आता ज्या भागामुळे विंचू जीव घेतो त्या भागाकडे येऊ. चेतासंस्थेचा एक विभाग आपल्या इच्छेवर चालत नाही. त्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल हे सारे हा विभाग पाहतो. त्याचेही दोन हात आहेत. पाठ्यपुस्तकात एकाला अनुकंपी आणि दुसऱ्याला परानुकंपी म्हणतात. मुलांना ही नावे नेहमी उलटीपालटी होतात, म्हणून आम्ही वर्गात रमजानची उदाहरणे देतो. इफ्तारला दोन मिनिटे असताना समोर खजूर पाहून तोंडाला पाणी सुटते, ते परानुकंपीचे काम. सहरीला डोळा लागला आणि अजान ऐकूनच जाग आली तर छातीत धडधड होते, हातपाय गार पडतात, ते अनुकंपीचे. एक हात आरामाचा आणि पचनाचा, दुसरा धावपळीचा. निरोगी माणसात दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. या दोघांपैकी कुणालाही आपण 'थांब' म्हणून थांबवू शकत नाही.

निरोप धाग्यातून धावतो म्हणजे नेमके काय होते? विजेच्या तारेशी तुलना करायची पद्धत आहे, पण ती अपुरी आहे. उरण भागातल्या वाचकांना त्याहून चांगले उदाहरण दाराशी आहे. आपल्याकडे मिठागरे आहेत, खारबंदिस्ती आहे. बांधाच्या बाहेर खाडीचे खारे पाणी, आत शेत, आणि मध्ये उघाडी. ओहोटीला उघाडीतून शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला खाडीच्या दाबाने तिची झडप बंद होते. चेतापेशीच्या भिंतीत अशाच लक्षावधी झडपा आहेत. भिंतीबाहेर सोडियम जास्त, तेच सोडियम जे मिठात असते. आत सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. या फरकामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंमध्ये सुमारे 70 मिलिव्होल्टचा विद्युतदाब सतत असतो. निरोप आला की सोडियमची झडप उघडते, सोडियम आत घुसते, आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात झडप बंद होते. तेवढ्याने शेजारची झडप उघडते, मग तिच्या शेजारची. अशी झडपांची रांग उघडत-मिटत जाते आणि निरोप पुढे सरकतो. मिटणे हे उघडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मिटल्याशिवाय पेशीला पुन्हा तयार होता येत नाही.

लाल विंचवाच्या विषातले मुख्य घटक याच झडपेला जाऊन चिकटतात आणि तिला नीट मिटू देत नाहीत. ऐन भरतीत उघाडी अडकून उघडी राहिली तर शेताचे काय होते ते खारपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. चेतापेशी थांबायचे विसरते. एक निरोप जायचा तिथे निरोपांची माळ लागते. धाग्याच्या टोकाशी जी रसायने थेंबाथेंबाने सुटायची, ती धो-धो सुटतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन रक्तात ओततात. स्वायत्त चेतासंस्थेचे दोन्ही हात एकदम सुटतात.

आधी उलट्या, तोंडात लाळ आणि अंगभर असा घाम येतो की सदरा पिळून घ्यावा. मग हातपाय गार, ठोके जलद, रक्तदाब चढलेला. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून ते गार लागतात. अशा आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमते. रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि फुफ्फुसात पाणी भरू लागते. खोकला, धाप, झोपवले तर श्वास न पुरणे, शेवटी तोंडाला गुलाबी फेस. लहान मुलात हे सारे काही तासांत होऊ शकते. वाचायला बरे वाटणार नाही, पण घरातल्या मोठ्या माणसाला ही चिन्हे ठाऊक असलीच पाहिजेत.

ही चिन्हे ज्यांनी जगाला नीट समजावून दिली ते डॉक्टर कुठे परदेशात नव्हते, आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होते. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना 1981 मध्ये ते रायगड झाले. त्या काळी विंचवाच्या दंशावर धड उपचार नव्हता. दुखऱ्या जागी सुन्न करणारे इंजेक्शन द्यायचे आणि वाट पाहायची. रुग्ण फुफ्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जात. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले. दंश किती वाजता झाला, उलटी कधी झाली, घाम कधी आला, हात कधी गार पडले, नाडी किती. या नोंदींतून त्यांच्या ध्यानात आले की उलटी, घाम, लाळ आणि गार हातपाय ही येणाऱ्या संकटाची आधीच मिळणारी सूचना आहे. त्यांचा लेख 1982 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला.

चिन्हे कळली, आता औषध हवे होते. रक्तवाहिन्या सैल करणारे एक औषध त्यांनी आधी सलाईनमधून वापरले. पण त्यावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागे, आणि खेड्यातल्या दवाखान्यात ते अवघड. मग त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिले. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. रक्तवाहिनीच्या भिंतीत ज्या जागी ते रसायन जाऊन 'आवळ' असा हुकूम देते, ती जागाच ही गोळी अडवून बसते. कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकवून ठेवावी तसे. रसायन येते, पण त्याला कुलूप उघडत नाही. नळ्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे काम 1986 मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच मांडले. पश्चिम भारतात लाल विंचवाच्या दंशाने फुफ्फुसात पाणी होऊन दगावणाऱ्या रुग्णांचे प्रमाण प्राझोसिनच्या आधी 25 ते 30 टक्के नोंदले जात होते. प्राझोसिन आल्यावर ते 1 टक्क्याच्या जवळ आले. भारत सरकारने 2022 साली बावस्करांना पद्मश्री दिली. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र शाळांच्या वाचनालयात असावे असे आमचे मत आहे.

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, पण विष नष्ट करत नाही. ते काम प्रतिविषाचे. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. परळच्या हाफकिनमध्येही ते बनते. महाडलाच झालेल्या एका अभ्यासात 35 रुग्णांना दोन्ही औषधे दिली गेली आणि 35 जणांना फक्त प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात 32, दुसऱ्या गटात 8. हा अभ्यास 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. बावस्कर आपल्या लेखांतून एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतात. दंश आणि पहिली गोळी यांमध्ये किती वेळ गेला, यावर निकाल ठरतो.

आता त्या भगिनीच्या घरातल्या वादाकडे वळू. दम केल्यावर दुखणे थांबले, हे खरे आहे का? आम्ही म्हणतो, खरे असू शकते. मुलाचे कोपर आपटले की अम्मी काय करते? चोळते, फुंकर घालते, आणि कळ खरोखर कमी होते. चोळण्याचा निरोप जाड धाग्यांतून जातो. मेरुरज्जूत तो आधी पोहोचून दुखण्याच्या निरोपाची वाट अरुंद करतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली आणि दुखण्याविषयीचा विचार बदलून गेला. मेंदू वरूनही दुखणे कमी करू शकतो. माणसाला धीर आला, विश्वास वाटला, कुणी डोक्यावर हात ठेवून कलाम पढले, की मेंदू अफूसारखे परिणाम करणारी स्वतःची रसायने सोडतो आणि वेदनेचा आवाज खाली येतो. म्हणून दम करणाऱ्याची थट्टा करणारे जे शिकलेले लोक असतात, त्यांच्या बाजूने आम्ही नाही.

मात्र हे सारे होते ते वेदनेच्या वाटेवर. घाम, ठोके, रक्तदाब यांची वाट वेगळी आहे हे आपण वर पाहिले. तिथे धीर पोहोचत नाही. मिटता न येणाऱ्या झडपा तशाच उघड्या असतात. मूल रडायचे थांबते, घर निःश्वास टाकते, आणि त्याच वेळी आत दुसऱ्या वाटेवर वादळ चढत असते. इतकेच नव्हे, ज्याला दंशाच्या जागी भयंकर कळ आहे पण उलटी नाही, घाम नाही, हात ऊबदार आहेत, त्याचा दंश बहुधा सौम्य ठरतो. आणि ज्याला कळ फारशी नाही पण अंग घामाने भिजले आहे आणि हात गार आहेत, त्याची काळजी डॉक्टरांना अधिक वाटते. म्हणजे दुखणे हे विष मोजायचे माप नव्हेच. आपण पिढ्यानपिढ्या चुकीच्या मापाने मोजत आलो.

शिवाय एक साधा हिशेब आहे. विंचू चावलेली बहुतेक माणसे काहीही न करता बरी होतात, कारण सगळ्याच विंचवांचे विष तेवढे जहाल नसते आणि प्रत्येक वेळी ते पुरेसे आत जातेही असे नाही. त्यामुळे झाडफूंक करणाऱ्याच्या खात्यावर यश जमा होत राहते. जे मूल वाटेत जाते, त्याचा हिशेब 'अल्लाहची मर्जी' या खात्यात जातो. ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

दीनच्या बाजूने पाहिले तरी मार्ग स्पष्ट आहे. प्रवासात असलेल्या सहाबांनी दंश झालेल्या एका सरदारावर सूरह फातिहा पढून दम केला आणि पैगंबर (स.) यांनी त्याला संमती दिली, ही हदीस आपल्या सर्वांना माहीत आहे. तेव्हा दम करण्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्याच पैगंबर (स.) यांनी लोकांना उपचार करा असे सांगितले, अल्लाहने आजाराबरोबर त्याचे औषधही ठेवले आहे असे सांगितले, आणि उंट आधी बांधून मग भरवसा ठेवायलाही शिकवले. या हदीस एकमेकींच्या विरोधात नाहीत. फातिहा सात आयतींची आहे. ती मोऱ्याहून उरणला जाताना रिक्षात कितीतरी वेळा पढता येते. मशिदीतले इमाम साहेब किंवा घरातले बुजुर्ग मुलाला मांडीवर घेऊन रिक्षात बसले तर दमही झाला आणि वेळही वाचला. आम्हाला तर वाटते, जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी एकदा हे सांगावे. आमच्यासारख्या मास्तरांच्या दहा लेखांनी होत नाही ते त्याने होईल.

वाट कोणती धरायची, हेही आधी ठरवून ठेवावे. मोऱ्याच्या लोकांना मुंबई समोर दिसते, म्हणून मोठ्या हॉस्पिटलसाठी भाऊच्या धक्क्याची लाँच गाठू असे मनात येते. लाँचला तास लागतो, ओहोटीला ती धक्क्याला लागत नाही, हे मोऱ्याच्या माणसाला आम्ही सांगावे असे नाही. 12 जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत रेल्वे आली, अटल सेतूही झाला, तरी पहिले औषध मिळायला पूल ओलांडायची वाट पाहू नये. आधी उरणचे सरकारी रुग्णालय, मग डॉक्टर सांगतील तर पुढे. या आठवड्यातच कुणीतरी जाऊन विचारून यावे की विंचवाच्या दंशावर प्राझोसिन आणि प्रतिविष कुठे उपलब्ध असते, रात्री कोण असते. रुग्णवाहिकेसाठी 108 आहेच. प्राझोसिन घरात आणून ठेवून आपणच मुलाला देऊ नये. मात्रा वजनावर ठरते आणि रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. दंशाच्या जागी चिरा देणे, दोरीने करकचून बांधणे, हेही नको.

विंचू ओळखण्यातही एक गैरसमज आहे. मोठी, काळी इंगळी पाहून आपण घाबरतो आणि लहान, लालसर विंचवाला 'पिल्लू आहे' म्हणून सोडतो. खरे उलट आहे. ज्याचे पुढचे डेंगे चिंबोरीसारखे जाड, त्याची भिस्त डेंग्यांवर. ज्याचे डेंगे बारीक आणि शेपटी जाड, त्याची भिस्त विषावर. लाल विंचू पूर्ण वाढला तरी पाच ते नऊ सेंटिमीटरच असतो. नोटा तपासायच्या जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीत विंचू अंधारात हिरवट-निळा चमकतो, म्हणून बाथरूमला किंवा जळणाच्या खोपीत जाताना तशी एक बॅटरी जवळ असलेली बरी. चप्पल-बूट झटकून घालणे तर लहान मुलालाही शिकवता येते.

विंचवाचे सांगितले आणि मण्यारीचे सांगितले नाही तर विषय अर्धा राहील. कारण ती याच आसाबवर उलट बाजूने घाव घालते. विंचू निरोप थांबू देत नाही, मण्यार निरोप पोहोचू देत नाही. काळसर अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेला हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे विष मज्जातंतूच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथून स्नायूला हुकूम मिळतो, तिथेच हल्ला करते. चावलेले कळतही नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, झोप पुरी झाली नाही किंवा नजर लागली. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. इथे तर दुखण्याचे मापच नाही, कारण दुखतच नाही. जमिनीवर झोपलेले मूल सकाळी पापण्या उचलू शकत नसेल तर साप दिसला की नाही हे शोधत बसू नये, त्याला थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास मिळाला तर अशी मुले वाचतात. पलंग किंवा खाट नसेल तर गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी लावावी, ती डासांबरोबर मण्यारीलाही अडवते.

दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टर जे विचारतात त्याची उत्तरे घाबरलेल्या आईला आठवत नाहीत. म्हणून निघतानाच कुणीतरी चिठ्ठीवर किंवा फोनवर लिहून घ्यावे: दंश किती वाजता झाला, पहिली उलटी किती वाजता झाली, घाम आला का, हातपाय कधी गार पडले, घरी काही खायला-प्यायला किंवा लावायला दिले का, आणि मुलाचे वजन साधारण किती. मूल हसू-खेळू लागले तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत, म्हणजे बहुधा एक दिवस, तिथेच थांबावे.